झाडाच्या आतले बिऱ्हाड : हरीक, नरक्या आणि एका औषधाचा इतिहास

१/
मागच्या वर्षी माझ्या आत्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर उपचार सुरू झाले. दर पंधरा दिवसांनी पालघरहून पहाटेची गाडी, दादरला उतरून परळ, असा नेम ठरून गेला. सलाइनमधून जाणाऱ्या एका औषधाचे नाव मी वहीत लिहून घेतले : इरिनोटेकान. त्या नावाचा माग काढताना सह्याद्रीतील एका झाडापर्यंत आणि त्या झाडाच्या सालीत राहणाऱ्या एका बुरशीपर्यंत पोहोचले. त्या शोधाचा हा थ्रेड.

२/
मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, रसायनशास्त्राची नाही. त्यामुळे माझा प्रश्नही इतिहासाचाच आहे. एखादे औषध नेमके कोणाचे मानायचे? ते ज्या झाडात सापडले त्याचे, झाडात राहून ते घडवणाऱ्या बुरशीचे, की बाटलीवर ज्याचे नाव छापले जाते त्याचे? या प्रश्नाची सुरुवात औषधापासून न करता एका धान्यापासून करू. ते धान्य आपल्या कोकणातलेच आहे.

३/
पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडे, जव्हार-मोखाड्याच्या बाजूला, डोंगरउताराची वरकस जमीन आहे. भाताला खाचर लागते, बांध लागतो, पाणी लागते. उतारावर पिकतात ती नाचणी आणि वरी. कोकणात याच पंक्तीला पूर्वी आणखी एक धान्य असे : हरीक. इतर प्रांतांत त्याला कोद्रा किंवा कोदो म्हणतात. हलक्या मातीत येणारे, वर्षानुवर्षे टिकणारे आणि म्हणूनच गरिबाच्या कणगीतले हे धान्य.

४/
हरकाची ख्याती मात्र दुहेरी होती. एखाद्या वर्षी तो पोट भरी. एखाद्या वर्षी तोच खाल्ल्यावर घेरी येई, वांती होई, अंगाला थरकाप सुटे, माणूस गुंगीत पडून राही. ब्रिटिश काळातील नोंदींत गरिबांचे आणि मादक गुणाचे धान्य म्हणून त्याचा उल्लेख येतो. एक गोडा आणि एक विषारी, अशा हरकाच्या दोन जाती असाव्यात, अशी समजूतही त्या काळच्या लेखकांनी टिपून ठेवली आहे.

५/
वहिवाट मात्र वेगळेच काही सांगत होती. नवा दाणा लगेच खायचा नाही, जुना होऊ द्यायचा. धुऊन, भिजवून मग शिजवायचा. दाणा भरताना पाऊस लागला असेल तर जास्त जपायचे. दोष बियाण्याच्या जातीत असता, तर यंदाचा पाऊस आणि कणगीतले वय यांचा विचार करण्याचे कारण नव्हते. हा दोष येतो आणि जातो, हे या सवयींना ठाऊक होते. त्याचे नाव तेवढे ठाऊक नव्हते.

६/
नाव पुढे सापडले, आणि त्यातला एक धागा पुण्याचा आहे. १९७४ मध्ये पुण्यातील संशोधकांनी कोद्र्यावर वाढणाऱ्या फोमॉप्सिस पास्पाली या बुरशीतून विषारी द्रव्ये वेगळी करून दाखवली. १९८५ मध्ये कोद्र्याच्या विषबाधेशी सायक्लोपायाझोनिक आम्ल या द्रव्याचा संबंध जोडला गेला. तेही बुरशीच बनवते, कोद्र्याचे रोप नव्हे.

७/
ही केवळ जुनी गोष्ट नाही. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस मध्य प्रदेशातील बांधवगड व्याघ्र प्रकल्पात १० हत्ती मेले. त्यांनी कोद्र्याचे उभे पीक खाल्ले होते आणि तपासणीत हेच आम्ल आढळले. हरकाच्या दोन जाती नव्हत्या. जात एकच होती. तिच्यात बिऱ्हाड करून राहणारा पाहुणा बदलत होता.

८/
वनस्पतीच्या आत राहणाऱ्या अशा जीवांना जर्मन शास्त्रज्ञ आंतोन दे बारी यांनी १८६६ मध्ये 'एंडोफाइट' हे नाव दिले. आपण त्यांना अंतर्वासी म्हणू. आज हा शब्द मुख्यतः अशा बुरशींसाठी आणि जीवाणूंसाठी वापरतात, जे पानात, सालीत, मुळात, बीजात राहतात आणि झाडाला वरकरणी कोणतीही इजा करत नाहीत. हरकावरच्या काही बुरशी रोगही आणतात. पाहुणा आणि रोग यांच्यातली रेघ पुसटच असते.

९/
या अंतर्वासी बुरशी नाना प्रकारची रसायने बनवतात. काहींमुळे कीड दूर राहते, काहींमुळे दुसरी बुरशी आत शिरत नाही, काहींमुळे चरणारे जनावर तोंड फिरवते. झाडाला राखण मिळते, बुरशीला निवारा मिळतो. आपण माणसे त्या रसायनांना प्रमाण पाहून कधी विष म्हणतो, कधी औषध. आता हरीक इथेच ठेवून घाटमाथ्यावर जाऊ. हरकाकडे शेवटी परत यायचे आहे.

१०/
महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली या पट्ट्यातील सदाहरित रानांत एक मध्यम उंचीचे झाड वाढते. त्याच्या फुलांना उग्र दुर्गंधी असते. लोकांनी त्याला नरक्या म्हटले. त्याच झाडाचे दुसरे मराठी नाव अमृता असे आहे. एकाच झाडाला नरकाचे आणि अमृताचे नाव कसे मिळाले, हे सांगणारा कागद माझ्या पाहण्यात नाही. पुढचा इतिहास मात्र दोन्ही नावे खरी करून दाखवतो.

११/
या झाडाचे शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. यातले निम्मो कोण? १८३९ मध्ये मुंबईत 'मुंबई व आसपासच्या वनस्पतींची सूची' या आशयाच्या नावाचा इंग्रजी ग्रंथ छापला जात होता. कर्ता जॉन ग्रॅहम, नोकरी मुंबईच्या टपाल खात्यात, छंद वनस्पतींचा. त्याने आपला स्नेही जोसेफ निम्मो याचे नाव या झाडाला दिले.

१२/
ग्रंथाची छपाई पुरी होण्याआधीच, मे १८३९ मध्ये ग्रॅहम खंडाळ्याला मरण पावला. राहिलेली पाने पुरी केली ती निम्मोनेच. ग्रॅहमने झाडाचे कूळ चुकीचे लावले होते. नंतर इतरांनी दुर्गंधीवरून 'फीटिडा' हे विशेषण दिले आणि ते बराच काळ चालले. अखेर जुन्या नावाला अग्रक्रम देण्याच्या नियमाने निम्मो परत आला. नरक्या म्हणणाऱ्यांची नावे मात्र कोणत्याही सूचीत नाहीत.

१३/
आता काही काळ अमेरिकेत. तेथील कृषी खाते १९५० च्या दशकात हजारो वनस्पतींचे अर्क तपासत होते. शोध होता तो स्टेरॉइड औषधांच्या कच्च्या मालाचा. त्यांपैकी एका चिनी झाडाच्या अर्काने कर्करोगाच्या चाचणीत अनपेक्षित परिणाम दाखवला. झाडाचे नाव कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटा. चिनी नावाचा अर्थ आनंदवृक्ष. तिकडे आनंदवृक्ष, इकडे नरक्या. दोन्ही झाडांत एकच द्रव्य आहे, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

१४/
हे द्रव्य वेगळे काढले ते मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये. वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये आपल्या नंदुरबारचा. रसायनशास्त्राचे शिक्षण मुंबई विद्यापीठात, १९६२ मध्ये इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी. १९६६ मध्ये या दोघांनी द्रव्याची रचना प्रसिद्ध केली : कॅम्प्टोथेसिन. १९७१ मध्ये याच जोडीने टॅक्सॉलचीही रचना मांडली.

१५/
१९७२ साल. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन हे रसायनशास्त्रज्ञ नरक्याची तपासणी करत होते. त्यांना त्यात कॅम्प्टोथेसिन सापडले, आणि तेही चिनी झाडापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात. पालघर-बोईसरहून चर्चगेटकडे जाणाऱ्या ज्या रुळांवरून आम्ही रोज जातो, त्याच रुळांलगतच्या उपनगरात नरक्याचे भवितव्य ठरले.

१६/
गंमत अशी की त्या वेळी या द्रव्याला भाव नव्हता. रुग्णांवरच्या पहिल्या चाचण्यांत त्याचे दुष्परिणाम फार तीव्र निघाले आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्या थांबल्या. नरक्याला आणखी वीस वर्षांची सवड मिळाली. एखादे ज्ञान छापले जाणे आणि ते बाजारात उतरणे यांत असे अंतर असते; त्या अंतरातच रान सुरक्षित असते.

१७/
ते अंतर मिटायला सुरुवात झाली १९८५ मध्ये. पेशी दुभंगताना तिच्यातील डीएनएच्या दोरीला पीळ पडतो. तो सोडवण्यासाठी एक विकर दोरी क्षणभर कापते, पीळ उलगडते आणि पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके तिथे अडकून बसते. दोरी कापलेली राहते, जोडली जात नाही. झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशी त्यामुळे मरतात. हे कळल्यावर रसायनात बदल करून ते सुसह्य करण्याचे प्रयत्न नव्याने सुरू झाले.

१८/
१९९४ मध्ये जपानमध्ये इरिनोटेकानला मान्यता मिळाली. १९९६ मध्ये अमेरिकेत टोपोटेकान आणि इरिनोटेकान या दोघांनाही मिळाली. दोन्ही औषधे कॅम्प्टोथेसिनपासून बनतात, आणि कॅम्प्टोथेसिन झाडापासून. आत्याच्या सलाइनमध्ये जे थेंबाथेंबाने उतरत होते, त्याची वंशावळ अशी एखाद्या लाकडापर्यंत जाते.

१९/
मग व्हायचे तेच झाले. १९९० च्या दशकात कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात नरक्याची तोड सुरू झाली. द्रव्य खोडात, सालीत आणि मुळांत असते. त्यामुळे पाने खुडून भागत नाही, झाडच पाडावे लागते. लाकडाचे तुकडे वाळवून पोत्यांत भरले जात आणि परदेशी कारखान्यांसाठी रवाना होत. 'नरक्याची तस्करी' हा सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडच्या वृत्तपत्रांतला परिचित मथळा झाला.

२०/
इथे कोणाला खलनायक ठरवणे मला जमत नाही. झाड तुटल्याने औषध मिळते आणि औषधाने माणूस जगतो. माझ्याच घरातले माणूस त्या यादीत आहे. रानात कुऱ्हाड चालवणाऱ्याच्या हातीही फारसे काही लागत नसते. पण ज्या वेगाने झाड कापले जाते त्या वेगाने ते वाढत नाही, आणि झाड संपले की औषधही संपते. यातून वाट कोणती?

२१/
वाट सुचली ती पेनिसिलिनच्या अनुभवातून. पेनिसिलिन हे बुरशीचेच देणे. ती बुरशी टाकीत वाढवता येते, म्हणून ते जगभर स्वस्त झाले. आपल्याकडे पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली ती याच तंत्रावर. सूक्ष्मजीव शोधा, टाकीत घाला, साखर-पाणी-हवा द्या आणि औषध उपसा. विसाव्या शतकातील औषधनिर्मितीचा हा मोठाच विश्वास होता.

२२/
बोईसरच्या मुलांना हा विश्वास वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीत औषधांचे आणि रसायनांचे कारखाने दाटीने उभे आहेत. माझे वडील त्यांतल्याच एका कारखान्यात किण्वनाच्या टाक्यांवर पाळीने काम करतात. टाकीतले तापमान, हवा, आम्लता यांची नोंद रात्रभर ठेवावी लागते. 'टाकीत जीव असतो, त्याला आपल्यासारखीच भूक लागते,' असे ते म्हणतात.

२३/
१९९३ मध्ये अमेरिकेतील माँटाना येथून बातमी आली. गॅरी स्ट्रोबेल आणि स्टिअर्ल दांपत्य यांना यू वृक्षाच्या आत राहणारी एक बुरशी सापडली होती आणि ती स्वतः टॅक्सॉल बनवत होती. प्रमाण नॅनोग्रॅमांत मोजण्याइतके अल्प होते. पण आशा मोठी होती. झाडाची विद्या बुरशीला येत असेल, तर झाड तोडायचेच कशाला? जगभर औषधी झाडांतील अंतर्वासी बुरशींचा शोध सुरू झाला.

२४/
तो शोध नरक्यापर्यंत आला. २००५ मध्ये जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी जर्मन सहकाऱ्यांसह एक निबंध प्रसिद्ध केला. भारताच्या पश्चिम किनारपट्टीवरील नरक्याच्या आतल्या सालीतून त्यांनी एक बुरशी वेगळी केली होती. काचपात्रातील द्रवात वाढवल्यावर ती झाडाविनाच कॅम्प्टोथेसिन बनवत होती. नरक्याच्या मुक्तीचा हा दस्तऐवज वाटावा, असेच ते निष्कर्ष होते.

२५/
कल्पना करा. घाटावरचे झाड घाटावर राहील, त्याची बुरशी तारापूरसारख्या एखाद्या वसाहतीतील टाकीत वाढेल, आणि परळच्या वॉर्डात औषध पोहोचेल. मी हे वडिलांना सांगितले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला : 'कल्चर उतरत नाही का?' कारखान्यात मूळ बीज गोठवून जपतात, कारण पिढ्यांमागून पिढ्या वाढवत गेले की त्याचा कस जाऊ शकतो. घरोघरी विरजणाचा अनुभव आहेच.

२६/
प्रश्न अचूक होता. २०१० मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी नरक्यातील अंतर्वासी बुरशींवर नेमके हेच दाखवले. एका पात्रातून दुसऱ्या पात्रात, तिथून तिसऱ्यात, अशी बुरशी नेत गेले की तिची वाढ होत राहते. पण तिच्यातले कॅम्प्टोथेसिन घटत जाते. बुरशी धष्टपुष्ट, द्रव्य नाहीसे. विरजण लागते आहे, पण दही आंबट होत नाही, असा हा प्रकार.

२७/
याचे एक उत्तर २०११ मध्ये चिनी आनंदवृक्षातील बुरशीवरच्या कामातून पुढे आले. द्रव्य बनवण्याच्या साखळीतील काही कड्या बुरशीकडे होत्या. पण मधली एक महत्त्वाची कडी, एक विकर, तिच्याकडे नव्हते. ते झाडाकडचे होते. म्हणजे अर्धी कृती एकाच्या वहीत आणि उरलेली दुसऱ्याच्या. टॅक्सॉलच्या बाबतीतही २०१३ मध्ये जर्मन संशोधकांनी, बुरशी ते स्वतंत्रपणे बनवते या दाव्याला पुरावा सापडत नसल्याचे मांडले.

२८/
संशोधन थांबलेले नाही. पण कॅम्प्टोथेसिन आजही मुख्यतः झाडांतूनच येते. म्हणून लागवड, रोपवाटिका आणि उरलेल्या रानाचे रक्षण हाच नरक्याचा खरा आधार आहे. टाकी झाडाची सुटका करील, असे धरून रानाकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही. झाड गेले, तर त्याच्या आतले बिऱ्हाडही जाते. आणि ते पुन्हा कोणत्या पत्त्यावर भेटेल, हे सांगता येत नाही.

२९/
आता हरकाकडे परत येऊ. जुन्या लेखकांनी विषाचे कारण रोपाच्या जातीत शोधले. पुढच्यांनी औषधाचे कारण आधी झाडात, मग बुरशीत शोधले. प्रत्येक वेळी कोणीतरी एकच मालक हवा होता, म्हणजे त्याला वेगळा काढून घेऊन जाता येते. दाणा जुना होऊ देणाऱ्या, पाऊस पाहून जपून खाणाऱ्या माणसांना मात्र मालक शोधायचा नव्हता. रोप, पाऊस, कणगी आणि काळ यांचा परस्परसंबंध त्यांना सांभाळायचा होता.

३०/
सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : हे औषध एकट्या कोणाचे नाही, ते एका सहवासाचे आहे. इतिहासात आपण संशोधकांची नावे लिहितो आणि ती लिहायलाच हवीत; नंदुरबारचे वाणी आणि गोरेगावची प्रयोगशाळा मराठी वाचकाला माहीत असायला हवी. पण त्या यादीत सह्याद्रीचे रान आणि त्याला नावे देणारी माणसेही आली, तरच हा इतिहास पुरा होईल.

३१/
आत्याचे उपचार चालू आहेत. परवाच्या फेरीत गाडीत तिला नरक्याची दोन्ही नावे सांगितली. ती म्हणाली, 'मग मला अमृताच म्हणू दे.' तुमच्या घरी, विशेषतः जव्हार, मोखाडा, वाडा, डहाणूकडच्या कोणाला हरकाच्या आठवणी असतील, तर खाली जरूर लिहा : तो कधी खायचा, कसा धुवायचा, किती दिवस ठेवायचा. ही माहिती मोठ्या माणसांकडेच आहे. ती विचारायला उशीर करू नका. (३१/३१)